तीन दगडांचे सरपंच

मस्कतच्या वादी अदाई वस्तीत कुणी अलीमियाँ धामसकराला पत्ता विचारला आणि तो "ठाऊक नाही" म्हणाला, असं कधी झालेलं नाही. पत्ता ठाऊक असला तर तो सांगतो, आणि ठाऊक नसला तर जरा जास्त तपशिलात सांगतो. एकदा एका केरळी नर्सला त्याने दवाखान्याची वाट सांगितली आणि ती बिचारी टायरच्या दुकानात पोचली. तिथेही तिने दोनदा खात्री करून घेतली, कारण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघ नव्हती.

गडी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या खारवठार गावचा. तरुणपणी ग्रामपंचायतीला उभा राहिला होता. मतं इतकी कमी पडली, की घरातलं नेमकं कोण फितूर झालं यावर धामसकरांच्यात अजून संशोधन चालू आहे. त्याची बायको जमिला, तिला विचारलं की ती फक्त डोक्यावरची ओढणी सारखी करते आणि चहा टाकायला उठते. त्या निकालानंतर अलीमियाँने गाव सोडलं आणि मस्कत धरलं. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, चांगला मिळाला. पहाटे किनाऱ्यावरच्या बरक्याच्या बाजारातून मासळी उचलायची आणि शहरात रुवीच्या हॉटेलांत पोचवायची, असा पिकअपचा धंदा जमला. पण निवडणूक काही रक्तातून गेली नाही. मासा विकतानाही हा माणूस प्रचारच करायचा. "ही सुरमई बघा. हिच्यावर आजवर एक आरोप नाय."

समाजसेवेची हौस त्याने दुसरीकडे भागवून घेतली. कोकणातला कुणी परक्या मुलखात डोळे मिटून गेला, की घरच्यांचा पहिला फोन अलीमियाँला. दवाखान्यातले कागद, पोलिसांचा शिक्का, मय्यताचं न्हाणं, कफन, गाडी, सगळं तो उभ्या उभ्या जमवायचा. रडणाऱ्यांना पाणी द्यायचा, न रडणाऱ्यांना दम द्यायचा. यात मात्र चेष्टा नाही. हे काम त्याच्याइतकं मनापासून करणारा दुसरा कुणी नव्हता, आणि त्यासाठी त्याने कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. म्हणजे चहा घेतला, पण त्यासाठी नाही.

त्यातही त्याचा खास जिव्हाळा पुढाऱ्यांवर. तेव्हा, नव्वदच्या दशकात, मुलं आईबापांना मस्कत बघायला बोलवायची. आईबाप यायचे, एसीत सर्दी करून घ्यायचे, समुद्राकाठचा रस्ता बघायचे आणि परत जायचे. काही जात नसत. असे तीन पुढारी अमरातच्या वाटेवरच्या कब्रस्तानात राहिले. खारवठारचे माजी सरपंच रशीद मुकादम. शेजारच्या गावचे उपसरपंच. आणि अरमान काझीचे वडील, पंचायत समितीचे सभापती. गावी हे तिघे एका जेटीवर उभे राहत नसत. इथे मात्र अलीमियाँने त्यांना एकत्र आणलं, असं अलीमियाँच म्हणायचा. कुणी गाववाला नवीन आला, की शुक्रवारी त्याला पिकअपमध्ये घालून थेट कब्रस्तानात. फातिहा पढायचा आणि मग भाषण.

"हे आपले रशीदभाई. दगड बघा, दगड. तीन. साध्या माणसाला दोन असतात, पदावरच्याला तीन."

आता ही दगडांची भानगड नीट सांगायला हवी. तिकडच्या लोकांची रीत अशी, की कबरीवर नाव नाही, तारीख नाही, पाटी नाही. मातीचा लहानसा उंचवटा आणि डोंगरातले ओबडधोबड दगड उभे केलेले. राजा असो की हमाल, सगळे सारखे. रशीदभाईंना माती दिली त्यानंतर चार-पाच दिवसांनी अलीमियाँ पाहुण्यांना घेऊन तिथे गेला, तोवर ओळ पुढे सरकली होती. सगळे उंचवटे एका साच्यातले. पाहुणे मागे उभे. "कुठली हो?" असा प्रश्न आला. ठाऊक नाही म्हणणं रक्तात नाही. अलीमियाँची नजर ओळीवरून फिरली आणि एका कबरीवर दोनांच्या जागी तीन दगड दिसले. डोकं पिकअपपेक्षा जोरात धावलं. सरपंच तो सरपंच. इथल्या लोकांना माणसाची किंमत कळते. एक दगड मानाचा लावला असणार!

पुढचे दोघे पुढारी मग सोपे गेले. तीन दगड दिसले, की बसवला सभापती.

अलीमियाँच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे बाळकृष्ण राहायचे, विमा कंपनीतले. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "अलीमियाँ, मग मंत्र्याला किती?"

"चार," अलीमियाँ म्हणाला. "पण अजून कोण गेला नाय इथे."

नऊ वर्षं हे असं चाललं. ईदेला गर्दी, कुणी आलं-गेलं की फातिहा. आणि मग २००३ च्या थंडीत रशीदभाईंची बायको गुलबानू मस्कतला येते आहे, अशी बातमी आली.

गुलबानूचं प्रकरण गावात सगळ्यांना पाठ होतं. चौऱ्याण्णव साली सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा रशीदभाई आधी चिडले, मग हसले. बायकोला म्हणाले, "तू उभी रहा. फक्त सह्या करायच्या. बाकी मी बघतो."

गुलबानू तांदूळ निवडत होती. म्हणाली, "वाचल्याशिवाय मी सही करायची नाय."

एवढंच. पण रशीदभाईंच्या उभ्या आयुष्यात त्यांना घरात कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी बॅग भरली आणि मस्कतला लेक सुरैया होती, तिच्याकडे निघून आले. इथून गावी फोन केला नाही, आणि तिकडून आला तर घेतला नाही. रोज संध्याकाळी रुवीच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बसून गाववाल्यांना सांगायचे, "बाईमाणसाला राज्य दिलं, आता बघा तमाशा." असा एक महिना गेला आणि एके सकाळी नमाजाआधी वजू करतानाच छातीला हात लावून खाली बसले.

गुलबानूने इद्दत पाळली, विधवेचे चार महिने दहा दिवस. ती संपली आणि पुढे निवडणूक लागली तेव्हा ती उभी राहिली, निवडून आली, सरपंच झाली. पाच वर्षांनी राखीवपण गेलं तरी खुल्या जागेवरून परत आली. आणि या सगळ्या वर्षांत तिने लेकीला फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. मला तिथे यायचंय. त्याच्या समोर उभं राहायचंय. आमचं बोलणं अर्धं राहिलंय.

रुवीला सुरैयाच्या घरी ती आली त्याच दिवशी अलीमियाँ सुरमई घेऊन हजर.

"भाबी, काय काळजी करू नको. रशीदभाईंची कबर म्हणजे आपल्या घरासारखी. डोळे झाकून नेतो."

"उघडे ठेव," गुलबानू म्हणाली. "गाडी चालवायचीय तुला."

"फक्त काय हाय, बायामाणसं आत जात नाहीत. तू भिंतीबाहेरनं फातिहा पढ. मी आतनं खूण करतो."

गुलबानूने चष्मा काढून पुसला. गावात ती चष्मा पुसायला लागली, की ग्रामसेवक आपोआप उभा राहतो म्हणतात. "अल्या, जिल्ह्याच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसते. आणि माझ्या नवऱ्याशी मी भिंतीआडनं बोलू?"

जावई हारून कोपऱ्यात बसून नखं बघत होता. हा हारून म्हणजे अलीमियाँचा उलटा छाप. एका कंपनीत फोरमन, पण बोलणं इतकं मोजकं, की लग्नात "कबूल है" तीनदा म्हणवून घेताना काझी घामाघूम झाला होता. तो एवढंच म्हणाला, "अम्मा, मी पण येतो."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तिघं निघाली. पुढे गुलबानू आणि अलीमियाँ, मागे हारून, मासळीच्या रिकाम्या खोक्यांत. वादी अदाई मागे पडली, रस्ता डोंगरात शिरला. अलीमियाँ रंगात आला होता. रशीदभाईंच्या मय्यतीला किती माणूस जमलं होतं, ओमानी पोलीससुद्धा कसे टोपी काढून उभे राहिले होते. पोलीस खरं तर पार्किंगवरून हटकायला आला होता, पण असो. गुलबानू खिडकीबाहेर बघत होती. ओठ हलत होते. जे बोलायचं ते मनात जुळवत असावी.

फाटकापाशी राखणदार म्हातारा बसला होता. अंगात पांढरी पायघोळ दिशदाशा, हातात काठी. बाईमाणूस आत येताना बघून तो उठला. अलीमियाँने लगेच आपली अरबी बाहेर काढली. या अरबीत वीसेक शब्द आणि उरलेलं सगळं हातवारे.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हिंदी में बोलो भाई. हम बंबई में दस साल जहाज पर था." मग गुलबानूच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्याने काठी बाजूला घेतली. "जाओ अम्मा. भीड़ नहीं है. आराम से जाओ."

अलीमियाँ पुढे, छाती काढून. ओळी ओलांडत तो थेट त्या कबरीपाशी गेला, बाजूला सरला आणि दोन्ही हात पसरले, जसं काही पुलाचं उद्घाटन आहे.

"हे आपले रशीदभाई."

गुलबानू पुढे झाली. डोक्यावरचा पदर ओढून घेतला. दोन्ही हात उचलले, फातिहा पढला, हात चेहऱ्यावरून फिरवले. आणि मग घसा साफ केला. नऊ वर्षांचं बोलणं तोंडाशी आलं होतं.

"ऐकलं का," तिने सुरुवात केली.

मागून काठीचा आवाज आला. म्हातारा राखणदार कुतूहलाने पाठोपाठ आला होता. "अम्मा, ये आपका कौन? बहन?"

"आदमी है मेरा," गुलबानू म्हणाली.

म्हाताऱ्याने कबरीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग अलीमियाँकडे. "आदमी कैसे होगा? तीन पत्थर है. हमारे इधर मर्द को दो, औरत को तीन. ये तो औरत का क़ब्र है."

अलीमियाँने तीन दगडांकडे असं बघितलं, जसं त्यांनी ऐन मतमोजणीत पक्ष बदलला आहे. मग ओळीकडे पाहिलं, उपसरपंचांकडे पाहिलं, पलीकडे सभापतींकडे पाहिलं. तीन, तीन. नऊ वर्षांच्या ईदा डोळ्यांपुढून गेल्या. एका जिल्हा परिषद सदस्याने इथे उभं राहून डोळे पुसले होते आणि म्हटलं होतं, असा मर्द पुन्हा होणे नाही.

पहिला आवाज गुलबानूचा आला. ती हसत होती. आधी पदराआड, मग पदराबाहेर, मग चष्मा काढून.

"या अल्ला! राखीव जागेला वैतागून घर सोडून आला माणूस. आणि इथे पण त्याची जागा बाईला गेली!"

हारूनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. म्हातारासुद्धा काय झालं ते न कळता हसायला लागला. अलीमियाँही हसण्यात सामील होणार, तेवढ्यात गुलबानूचं हसणं थांबलं. तिने चष्मा लावला.

"मग माझा माणूस कुठाय?"

अलीमियाँने तोंड उघडलं. सवयीने हातही उचलला, पलीकडच्या एका कबरीकडे बोट जाऊ लागलं. एवढं सोपं होतं. दोन दगडांची कुठलीही दाखवायची, "ही बघ भाबी, मी एका ओळीने चुकलो." तिने मानलं असतं. पण गुलबानूच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं. निवडणुकीतलं नाही, गावातलं नाही. फलाटावर गाडी सुटून गेल्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. त्याने बोट मिटलं.

"भाबी," तो म्हणाला, आणि हे शब्द उच्चारायला जीभ त्याला नवीच वाटली, "मला ठाऊक नाय."

राखणदाराकडे वळला. "चाचा, तुम बोलो."

"हमको क्या मालूम? अल्ला को मालूम. इसीलिए तो नाम नहीं लिखते."

गुलबानू त्या ओळींकडे बघत उभी राहिली. इतके उंचवटे, इतके दगड. नऊ वर्षं जपून आणलेलं बोलणं आणि ऐकणारा कुठे आहे याचा पत्ता नाही.

तेव्हा मागून हारून म्हणाला, "अम्मा, ही नाहीच. मला आधीपासून वाटत होतं."

दोघंही गर्रकन वळली.

"वाटत होतं?" अलीमियाँ ओरडला. "नऊ वर्षं वाटत होतं आणि आज बोलतोस?"

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात, अलीमियाँभाई. सगळ्यांसमोर. मला वाटलं माझंच चुकत असेल." हारून थांबला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं होतं. मग कळून आलं, की भाषण अजून संपलं नाही. "बाबांना उतरवायला कबरीत मी होतो. खाली. तोंड किबल्याकडे केलं, कफनाच्या गाठी सोडल्या. वर यायला उठलो तेव्हा डोळे जमिनीच्या पातळीला आलेले. समोर डोंगर फुटल्यासारखी एक खाच होती, आणि खाचेत पाण्याची पांढरी टाकी. बरोबर मधोमध. ते डोक्यातनं कधी गेलं नाही. उभ्याने बघितलं तर इथनं कुठूनही टाकी दिसते. पण खालून बघितलं तर एकाच जागेवरून मधोमध येते."

आणि मग कंपनीचा फोरमन, इस्त्रीच्या कपड्यांत, त्या ओळीच्या कडेकडेने उकिडवा बसत बसत पुढे सरकायला लागला. बसायचा, मान खाली घालून डोंगराकडे बघायचा, उठायचा, पुढे. बेडकासारखा. दुसरी कुठली वेळ असती तर अलीमियाँने हे महिनाभर पुरवून खाल्लं असतं. आज तो त्याच्यामागून बिनआवाज चालत होता, आणि हारूनचा हात टेकायची वेळ आली की आपला खांदा पुढे करत होता.

त्या बाईच्या कबरीपासून थोडं पुढे, मागच्या ओळीत, हारून बसला तो उठेना. जमिनीला गाल टेकवायचाच बाकी होता. "ही."

उंचवट्यावर दोन दगड होते.

"नक्की?" गुलबानूने विचारलं.

"दर ईदेला तुम्ही सगळे तिकडे भाषण ऐकत असता ना, तेव्हा मी इथे येऊन पढतो. चुकलं असेल तरी असू दे म्हणून."

अलीमियाँही शेजारी उकिडवा बसला. खाच, टाकी, मधोमध. त्याने बराच वेळ बघितलं. मग उठून शर्ट झटकला. "भाबी, हीच. माझं मत हारूनला."

गुलबानूने दोघांना हाताने मागे जायला सांगितलं, सभेतून पत्रकारांना घालवतात तसं. दोघं मागे झाले. अलीमियाँ फारसा मागे झाला नाही. वाऱ्यावर एक-दोन शब्द आले, "प्रत्येक कागद", "वाचून", "जेटीचं काम", आणि त्याने कान असे काही टवकारले, की हारूनने मासळीवाल्या शर्टाची मागची बाजू धरून त्याला ओढत फाटकापर्यंत नेलं. त्यामुळे गुलबानू काय बोलली ते आजतागायत वादी अदाईत कुणालाही ठाऊक नाही, आणि याचं दुःख सगळ्यांनाच आहे. लांबून एवढं दिसलं, की ती बराच वेळ बोलली, एकदा बोट उगारलं, एकदा बोलता बोलता खाली बसली आणि हाताने माती सारखी केली, मुलाच्या अंगावरचं पांघरूण करतात तशी.

परत येताना ती त्या तीन दगडांपाशी थांबली आणि पुन्हा हात उचलले.

"आता हिच्यासाठी कशाला, भाबी?" अलीमियाँ म्हणाला.

"कशाला? कोण कुठली बाई. नऊ वर्षं आमच्या गावच्या लोकांनी हिच्यापुढे हात पसरले, हिनं कुणाला हाकललं नाय. आणि तू हिचा फातिहा बंद करायचा नाय, सांगून ठेवते."

"बंद कसा करीन? जुनी ओळख हाय."

संध्याकाळी रुवीला सुरैयाच्या घरी गाववाले जमले. सरपंचबाईंना भेटायला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. आतून घावणे येत होते, सुरमईचं कालवण येत होतं. कुणीतरी विचारलं, "मग भाबी, कबर बघितली?" आणि सगळ्यांच्या माना सवयीने अलीमियाँकडे वळल्या.

गुलबानूने पुढ्यातला घावणा मोडला. हारून नखं बघायला लागला. जमिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने ओळखलं होतं, की आज काहीतरी घडलं आहे. गप्प बसला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती.

अलीमियाँने घावण्याचा तुकडा खाली ठेवला, हात पुसला आणि उठून उभा राहिला.

"मंडळी, नऊ वर्षं मी तुम्हाला एका परक्या बाईच्या पायाशी नेलं," त्याने जाहीर केलं, आणि आवाज तोच, उद्घाटनाचा. मग सगळं सांगितलं. दगड, मान, सभापती, बंबईचा म्हातारा, हारूनचा बेडूक. बेडूक तर जमिनीवर बसून करून दाखवला. स्वतःचं तोंड कसं झालं तेही करून दाखवलं. खोली अशी हसली, की खालच्या मजल्यावरचे गुजराती वर विचारायला आले. बाळकृष्णांनी अलीमियाँच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मंत्र्याला चार ना?" जमिला चक्क खाली बसली हसता हसता. कितीतरी वर्षांनी त्याला भर सभेत असं एकमताने काही मिळालं होतं.

हसणं ओसरलं तेव्हा भिंतीपाशी बसलेला अरमान काझी हसत नव्हता.

"अलीमियाँभाई," तो म्हणाला, "तीन दगड. म्हणजे माझे अब्बा पण..."

अरमानची सहा वर्षं गेली होती त्या सभापतींच्या कबरीपाशी. दर ईदेला पोरं नेऊन दाखवत होता.

अलीमियाँ त्याच्यासमोर जाऊन बसला. या वेळी कुठे बोट दाखवलं नाही.

"अब्बांना उतरवायला आत कोण होतं?"

"मी होतो. आणि चुलता."

"चुलता कुठे असतो आता?"

"सोहारला."

"शुक्रवारी बोलावून घे," अलीमियाँ म्हणाला. "गाडी माझी. आणि चांगली पँट घालून येऊ नकोस, बसायला लागतं."